मुलांसोबत वाळवंट, गुहा आणि जुने अवशेष एकाच ट्रिपमध्ये कुठे बघता येतील?

अमेरिकेत असाल तर सरळ न्यू मेक्सिको धरा. व्हाइट सँड्सची पांढरी वाळू जिप्समची आहे त्यामुळे भर उन्हातही पाय पोळत नाहीत, पोरं प्लास्टिकच्या चकतीवर बसून टेकड्यांवरून घसरत सुटतात आणि मग तिथून निघायचं नावच घेत नाहीत. फक्त शेजारी मिसाईल रेंज आहे, चाचणी असली की रस्ता काही वेळ बंद ठेवतात, ते आदल्या दिवशी बघून घ्या.

कार्ल्सबॅडच्या गुहेत बाराही महिने साधारण 13 डिग्री असतं, स्वेटर हवाच. वेळेचं बुकिंग आधी करा. आजी-आजोबा सोबत असतील तर लिफ्ट आहे. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी मुक्काम ठेवाच, कारण अंधार पडायला लागला की गुहेच्या तोंडातून वटवाघळांचे थवेच्या थवे बाहेर पडतात, त्या वेळी फोन-कॅमेरे बंद ठेवायला लावतात आणि मला तर तेच आवडलं, सगळे नुसते वर बघत बसतात!

अवशेषांसाठी गिला क्लिफ ड्वेलिंग्ज. मोगोयॉन या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी 1280 च्या आसपास कड्यातल्या गुहांमध्ये बांधलेल्या खोल्या. सिल्व्हर सिटीपासून जेमतेम 70 किमी, पण वळणांमुळे दोन तास लागतात, गाडी लागणाऱ्यांना गोळी द्या.