मनू, रविवारच्या तुझ्या प्रश्नाबद्दल

मनू,

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "बाबा, तुझा खरंच विश्वास आहे, की नुसतं आजीला बरं वाटावं म्हणून तू बायबलमधलं वचन म्हणतोस?" तेवढ्यात आईने हाक मारली आणि ते राहूनच गेलं. लागलं जरा, खोटं कशाला बोलू. राग वगैरे नाही आला, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, आणि तोंडी सांगायला बसलो की माझं लेक्चर होतं आणि तू फोन बघायला लागतेस, म्हणून लिहितोय. मराठीतच लिहितोय, कुठे अडलं तर आईला विचार.

आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना म्हणजे जेवणाआधीची. नगरला, मिशन कंपाउंडातल्या त्या दोन खोल्या, तू फोटोत बघितल्यात. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) लाइट बहुतेक त्याच वेळी जायचे, मग कंदील. आप्पांचं बायबल, खाकी कव्हर आणि त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, आणि स्तोत्रसंहितेची पानं हात लागून लागून पिवळी पडलेली. आप्पा वाचायचे, आजी टाळ घेऊन गीत सुरू करायची, मी आणि शमूकाका भुकेने एकमेकांना चिमटे काढायचो. खरं सांगतो, त्यात भक्तीबिक्ती काही नव्हती, आमटीचा वास आत येत असायचा आणि "आमेन" कधी होतंय याकडे सगळं लक्ष.

मागे तू म्हणाली होतीस की हे तर हिंदूंच्या भजनासारखंच वाटतं. वाटणारच गं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली १८३१ साली, त्यांच्या इंग्रजी चालींची गीतं आपण म्हणतोच, पण आजीच्या गळ्यात बसली ती रेव्हरंड टिळकांची. ना. वा. टिळक, कोकणातल्या ब्राह्मण घरातला माणूस, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाई काही वर्षांनी आली, आणि ते म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग टाळ नाही वाजवायचे तर काय वाजवायचं? इथल्या चर्चमध्ये गिटार असते तेव्हा कोणी विचारत नाही ही कुठून आली म्हणून. असो, हे माझं जुनं दुखणं आहे.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. शमूकाकाला लहानपणी फिट यायच्या हे तुला माहीत नसेल. तोच शमूकाका, जो तुझ्या वाढदिवसाला पहाटे पहाटे केकचा जीआयएफ पाठवतो. मी चौथीत होतो तेव्हा पहिल्यांदा आली, अंगणातल्या हौदाजवळ. डोळे वर गेले, दातखीळ बसली, आणि शेजारच्या मावशी कांदा फोडून त्याच्या नाकाला लावायला धावल्या, कोणीतरी चप्पल आणली हुंगवायला. आजीने त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं, आणि ती प्रार्थना करत नव्हती बरं का, ती नुसती "शमू, शमू" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी आप्पांनी हौदावर पत्रा टाकला आणि वर दोन दगड ठेवले. पाणी काढताना दर वेळी ते दगड उचलायचं काम माझ्याकडे आलं.

मग दवाखाना, गोळ्या, आणि सोबत प्रार्थना. चर्चची सगळी मंडळी घरी यायची, पाळकसाहेब यायचे, डोक्यावर हात ठेवायचे. गोळ्यांनी कमी झालं पण थांबलं नाही. आमच्या घरात दारासमोरच "देव प्रीती आहे" अशी फ्रेम होती, प्रत्येकाच्याच घरात असते तशी, आणि मला त्या वयात ती बघितली की चीड यायची. रविवारच्या शाळेत योहान ३:१६ न अडखळता म्हणून दाखवल्याबद्दल मला कंपास बॉक्स मिळालेला, "देवाने जगावर एवढी प्रीती केली" हे झोपेतसुद्धा म्हणता यायचं, आणि घरी आलं की भाऊ तोंडाला फेस येऊन पडलेला. जगावर केली, मग आमच्या शमूवर का नाही, असं मी आप्पांना विचारलं होतं. ते काही बोलले नाहीत, माझी सायकल पुसत बसले.

त्याच सुमारास बाहेरगावचा एक प्रचारक आला सभेला. मोठा आवाज, मोठं नाव, नाव घेत नाही. त्याने शमूवर हात ठेवून प्रार्थना केली आणि पुढच्या आठवड्यात परत फिट आली तेव्हा कोणाकडून तरी निरोप पाठवला, की घरात विश्वास कमी पडतोय आणि गोळ्या बंद करून बघा. आप्पा हादरले. आजी मात्र भांडी घासत होती ती उठली, हात पदराला पुसले, बायबल काढलं आणि मार्कचा नववा अध्याय उघडून आप्पांच्या पुढे ठेवला.

तू वाचला नसशील तर वाच, छोटासाच भाग आहे. एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो, त्याला असंच व्हायचं, कधी विस्तवात पडायचा कधी पाण्यात. शिष्यांना काही जमत नाही, ते शास्त्र्यांशी वाद घालत बसलेत. येशू विचारतो, किती दिवसांपासून होतंय हे? बाप म्हणतो, लहानपणापासून. आणि मग म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर दया करा. "येत असेल तर" म्हणतो तो, एवढा दमलेला माणूस. येशू त्यावर बोलतो त्याला, विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे म्हणून. तेव्हा तो बाप ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एकाच दमात.

आजीने तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "याला म्हणाले का प्रभू, की आधी पूर्ण विश्वास घेऊन ये मग बघू? पोराला बरं केलं ना?" आणि रात्रीची गोळी शमूला दिली, भाकरीचा तुकडा पुढे करून, कारण ती कडू होती.

आता यात एक खोच आहे आणि ती तू काढशीलच म्हणून मीच काढतो. त्या गोष्टीतला मुलगा तिथल्या तिथे बरा झाला, आमचा नाही झाला. शमूकाका अजून गोळ्या घेतो. कितीतरी वर्षांत फिट आलेली नाही, पण घेतो. म्हणजे देवाने काय केलं, औषधाने काय केलं, आणि नुसत्या वयाने काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही, आणि जे लोक छातीठोक सांगतात त्यांच्याबद्दल मला जरा शंकाच असते. आजीला मात्र हा प्रश्नच पडत नाही. तिच्या हिशोबात गोळीपण त्यानेच दिली.

तर मनू, विश्वास आहे का, तर हो, आणि नाहीसुद्धा, त्या बापाइतका. काही रविवारी वचन म्हणताना मला आत काहीच वाटत नाही, ऑफिसची मेल डोक्यात असते. आणि मागच्या हिवाळ्यात तुझ्या आईचे रिपोर्ट यायचे होते तेव्हा गाडीत बसल्या बसल्या "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" तोंडातून आपोआप आलं, आप्पांच्याच आवाजात, आप्पा थांबायचे तिथेच थांबत. आता ती सवय होती की विश्वास, तू सांग. मला दोन्ही चालेल. आजीला बरं वाटावं म्हणूनही म्हणतो, हे खरंय, पण त्यात वाईट काय आहे गं? कोणावर माया करणं यातला बराचसा भाग असाच असतो की.

तू पाठांतर केलंच पाहिजेस असं नाही. कंपास बॉक्सही मी देणार नाहीये. पण आजीला तू स्वतः विचार एकदा, माझ्यापेक्षा ती बरं सांगेल, फक्त मंडळीतलं कोणी घरी बसलेलं नसेल तेव्हा विचार, नाहीतर ती उपदेशाच्या सुरात सुरू होते. आणि शमूकाकाचं मी तुला सांगितलं हे त्याला कळू देऊ नको. अजून त्याला वाटतं की तुम्हा मुलांना माहीत नाही.

बाबा