मध्ययुगीन इंग्लिश चर्च पाहायला कुठून सुरुवात करावी

या विषयात नव्याने उतरत असाल, तर शतकानुशतके वाढत गेलेल्या भव्य चर्चांच्या मागे लगेच लागू नका. हेरफर्डशायरमधल्या किलपेक गावचे चर्च आधी पाहा. सुमारे ११४० मध्ये तांबूस वालुकाश्मात बांधलेल्या या नॉर्मन (१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी रुजवलेल्या, गोल कमानींच्या शैलीतल्या) वास्तूचा मूळ आराखडा आजही स्वच्छ वाचता येतो: उपासकांचे दालन, त्यापुढे अरुंद चॅन्सेल (वेदीचा, धर्मगुरूंसाठीचा भाग) आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार टोक.

आत शिरण्याची घाई न करता आधी बाहेरून फेरी मारावी. छताच्या कडेखाली कोरीव दगडी टेकूंची रांग आहे. त्यात एकमेकांना बिलगून बसलेले कुत्रा आणि ससा आहेत, तसेच संकोच बाजूला ठेवून कोरलेली नग्न स्त्रीही आहे. (ती ‘अश्लील’ म्हणून नजर वळवलीत, तर अभ्यास तिथेच थांबेल.) दक्षिण दरवाजाच्या खांबांवर वेलींत गुंतलेले योद्धे आहेत, ते सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावेत.

इतरत्र गेल्यावर गोल कमान दिसताच ‘नॉर्मन’ असा शिक्का मारू नका, कारण एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धार करणाऱ्यांनीही त्या शैलीत भरपूर बांधले. दगडाची झीज आणि छिन्नीच्या खुणा तपासा. दालन आणि चॅन्सेल यांच्या थाटात तफावत आढळली, तर खर्च कोणाचा होता ते विचारा: मध्ययुगात दालनाची डागडुजी सामान्यतः गावकऱ्यांकडे, तर चॅन्सेलची रेक्टरकडे (चर्चच्या मुख्य उत्पन्नाचा हक्क असलेल्या धर्मगुरूकडे किंवा मठाकडे) असे.