आरक्षित जमीन आणि मालकाचा हक्क

प्रश्न : आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात बारा वर्षांपासून क्रीडांगणाचे आरक्षण आहे. ताबाही घेत नाहीत, बांधकामही करू देत नाहीत. काय करावे?

उत्तर : आरक्षण पडल्याने मालकी जात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार अशी जमीन वाटाघाटीने मोबदला देऊन, हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा शासनामार्फत सक्तीने संपादित करता येते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत यांपैकी काहीच झाले नसेल, तर कलम १२७ नुसार मालकीहक्काच्या कागदपत्रांसह नगरपरिषदेला खरेदी सूचना (जमीन संपादित करा, अशी लेखी नोटीस) द्यावी. तिची पोच जपून ठेवावी, कारण संपादनासाठीची २४ महिन्यांची मुदत सूचना पोचल्याच्या तारखेपासूनच मोजली जाते. या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, आणि लगतच्या जमिनीवर अनुज्ञेय असलेला वापर आपल्याला करता येतो. सभेतील नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे असे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. गावाला क्रीडांगण हवेच. पण त्याचा भार मोबदल्याविना एकाच कुटुंबाने वर्षानुवर्षे वाहावा, हे न्याय्य नाही.