ऑलिम्पिक बघून ख्रिस्ती श्रद्धेबद्दल खरंच काही शिकता येतं, की ती नुसती प्रवचनाची सोय?

प्रवचनाची सोय तर आहेच. ऑलिम्पिकचं वर्ष आलं की स्कॉटलंडचा श्रद्धाळू ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल ठरलेला. 1924 साली पॅरिसला 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी होती म्हणून तो धावला नाही, मग 400 मीटरमध्ये सुवर्ण जिंकला. गोष्ट मोठीच आहे, पण इतक्यांदा ऐकलीय की आता कानावरून जाते.

मला जे शिकायला मिळालं ते नेमकं रविवारी टीव्हीपुढे बसून. लिडेलला आवडलं नसतं.

1 ऑगस्ट 2021. ठाण्यातली चर्चेस अजून बंदच होती, सकाळची मिस्सा (रविवारची उपासना) मोबाइलवर झालेली. संध्याकाळी टोकियोची उंच उडी लागली होती. कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी, दोघांनी 2.37 मीटर पार केले. तोवर दोघांचीही एकही उडी चुकली नव्हती, आणि 2.39 ला दोघंही तीन-तीनदा पडले. म्हणजे कागदावर तंतोतंत बरोबरी. अधिकारी जंप-ऑफचं, म्हणजे निकाल लागेपर्यंत आणखी उड्या मारायचं सांगू लागले तेव्हा बार्शिमने विचारलं, दोन सुवर्ण देता येतील का? येतील, म्हटल्यावर ताम्बेरीने त्याच्या अंगावर झेपच घेतली. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर घोट्याची दुखापत होऊन ताम्बेरीचं ते ऑलिम्पिक हुकलं होतं. तेव्हाचं प्लॅस्टर तो टोकियोला मैदानात घेऊन आला होता.

सगळे रडत होते आणि मी चिडलो. हे काय, स्पर्धा आहे की वाटणी? कोणीतरी एक जिंकायलाच हवा! बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुझं काय जातंय? तुझ्या खिशातून देतायत का?"

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात, येशूच्या एका दाखल्यात, द्राक्षमळ्याचा मालक हेच विचारतो. दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्या मजुरालाही त्याने पूर्ण दीनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी दिली. सकाळपासून राबलेले कुरकुरले, तेव्हा तो म्हणाला, मी उदार आहे हे तुला खुपतं का? हा दाखला मी लहानपणापासून ऐकतोय आणि दरवेळी मनात त्या उशिरा आलेल्या मजुराच्या जागी उभा राहतो. त्या दिवशी कळलं, मी कुरकुरणाऱ्यांत आहे.

बार्शिम मुसलमान आहे. येशूच्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत शेजारधर्म शिकवतो तो परका माणूसच; ती वाचणाऱ्याला याचं नवल वाटू नये.

आता तुम्ही बायबलमधलं प्रेषित पौलाचं वाक्य काढाल, धावतात सगळे पण बक्षीस एकालाच. बरोबर. पण तो करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहीत होता. त्यांच्या शेजारीच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पाल्याचा मुकुट मिळे. पौलाचा भर सरावावर, संयमावर आहे, आणि आपला मुकुट त्या पाल्यासारखा सुकणारा नाही यावर. दुसऱ्याला मिळू नये, असं तो कुठे म्हणतो?

पुढची गंमत म्हणजे 2024 ला पॅरिसमध्ये तसंच झालं. न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकईवेन 2.36 वर बरोबरीत. या वेळी मी सुवर्ण वाटून घेतील म्हणून जागा राहिलो, आणि ते जंप-ऑफला गेले. केर जिंकला. बायको म्हणाली, "आता तरी खूश?"