गाइडमध्ये नसलेला अर्थ चुकीचाच का?

एका वडिलांचं पत्र: मुलगी टी.वाय.बी.ए.ला, इंग्रजी स्पेशल. आजच्या अमेरिकन कवितेवर प्रोजेक्ट करतेय. गाइड सोडून स्वतःचाच अर्थ लिहिते, मार्क जातात. ‘कवितांची पुस्तकं कपाटात बंद केली, बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला. बरोबर ना?’

नाही, साहेब. तिच्या मार्कांपेक्षा मला त्या कपाटाची काळजी वाटते. दोन पानी पत्रात क्लासची फी आहे, शेजारच्या मुलाची नोकरी आहे. मुलगी काय म्हणते, ते कुठेच नाही. वीस वर्षांच्या मुलीची पुस्तकं बंद करणं ही शिस्त नव्हे, अपमान आहे. उद्या ती तुम्हाला काही सांगायचंच बंद करेल.

‘ही कविता कसली, हा तर इतिहासाचा धडा’ असं तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंय, ती लेली लाँग सोल्जर या ओग्लाला लकोटा (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) कवयित्रीची ‘३८’. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मंजुरीने २६ डिसेंबर १८६२ रोजी मिनेसोटात डकोटा या मूळनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना फाशी दिलं गेलं, त्याबद्दलची. सरकारने करार करून डकोटांच्या जमिनी घेतल्या, पैसे थकवले, माणसं उपाशी राहिली. एक व्यापारी म्हणाला, गवत खा. उठावात तो मारला गेला, तेव्हा त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं होतं. डकोटांच्या या कृतीलाच कविता म्हणावंसं वाटतं, असं कवयित्री लिहिते. आणि हे सगळं साध्या, सरळ, पूर्णविराम दिलेल्या वाक्यांत. इतकं कोरडं का लिहिलं असेल? वर्गात खरी चर्चा इथे सुरू होते. ‘विषय: दुःख’ एवढ्यावर थांबणारं गाइड इथे काय कामाचं? मात्र म्हणून वाटेल तो अर्थही चालत नाही. ‘कुठल्या ओळीवरून म्हणतेस?’ याला उत्तर हवंच. मुलीचे मार्क तिथे जात असतील, तर ते जाणं रास्त आहे, आणि ओळीचा आधार द्यायची सवय सरावाने लागते.

एम.ए., नेट-सेट, बी.एड., तीन वर्षांचं एलएलबी, अनुवाद, संपादन हे मार्ग तिला ठाऊक असतीलच. बँकेची परीक्षाही वाईट नाही, पण ती द्यायची की नाही हे तिने ठरवावं.

आजच कपाट उघडा. तपासलेला प्रोजेक्ट घेऊन तिला मॅडमकडे जाऊ द्या. कुठल्या विधानाला ओळीचा आधार कमी पडला, ते ती विचारेल. तुम्ही सोबत जाऊ नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.