ताईंना विचारा : मुसळ, भिशी आणि एक काना

मागच्या अंकात मी नायजेरियातल्या बायकांच्या १९२९ सालच्या उठावावर पानभर लिहिलं आणि खरं सांगते, मला वाटलेलं की सांगली-साताऱ्यात कोण वाचतंय आफ्रिकेतल्या बायांबद्दल, पण फोनवर मेसेजचा ढीग, एक तर मायणीवरून चक्क पोस्टकार्ड. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीत.

ताई, मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला आफ्रिकन फेमिनिझम हा विषय आलाय, नेटवर सगळी जड थिअरी. सर म्हणाले, मुळात फेमिनिझम हेच गोऱ्या बायकांचं फॅड, मग त्यात आफ्रिकन काय असणार? मागचा अंक मिळाला नाही, सोप्या भाषेत सांगाल का? – एक विद्यार्थिनी, कराड

अगं, थिअरी बाजूला ठेव, सरांना आधी ओलोको गावची गोष्ट सांग. नायजेरियाच्या आग्नेयेकडचा इग्बो लोकांचा मुलूख, साल १९२९. इंग्रजांनी पुरुषांवर कर आधीच बसवला होता आणि आता बायकांवरपण बसणार अशी कुजबुज होती. न्वान्येरुवा नावाची बाई अंगणात पामची फळं घेऊन तेल काढत बसलेली, आणि शिरगणतीवाला दारात येऊन म्हणतो, तुझ्या बकऱ्या, मेंढ्या, घरातली माणसं मोजून सांग. तिनं विचारलं, तुझी आई मोजली होती का रे? झालं, तिथनं भांडण पेटलं. ती बाजारात गेली, बायकांना सांगितलं, गावोगाव पामची पानं फिरली म्हणजे निरोप पोचला, आणि हजारो बाया रस्त्यावर आल्या.

आता यातली गंमत बघ. त्यांनी हत्यार नवीन शोधलं नव्हतं, ते घरातच होतं. इग्बो बायकांत जुनी रीत होती, तिला 'पुरुषावर बसणं' म्हणायचे. कुणी बायकोला मारलं, बाजाराचे नियम मोडले, की सगळ्या बाया मिळून त्याच्या दारात ठिय्या द्यायच्या, रात्रभर त्याच्या नावानं गाणी म्हणायच्या, कांडायची मुसळं त्याच्या झोपडीवर आपटायच्या, माफी मागेपर्यंत हलायच्या नाहीत. आपल्याकडं शिमग्याला बोंब मारतात ना, तसंच, फक्त वर्षातून एकदा नाही तर लागेल तेव्हा. १९२९ ला तेच त्यांनी इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांवर केलं. सैन्यानं गोळ्या घातल्या, पन्नासच्या वर बाया मेल्या, पण बायकांवरचा कर बारगळला आणि ती मुखिया पद्धतही पुढं मोडीत निघाली.

या बायांनी कुठल्या गोऱ्या बाईचं पुस्तक वाचलेलं? आणि सर जर म्हणालेच की ते तिकडचं, तर त्यांना विचार ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला लिहिलं ते लंडनला विचारून लिहिलं का.

वेगळं काय म्हणशील तर तिथं भांडण नुसतं नवऱ्याशी नाही. कर बसवणारं सरकार, त्यानं नेमलेला मुखिया, पामतेलाचा पडलेला भाव, आणि मग घरातला पुरुष, हे सगळं एकाच गाठोड्यात. म्हणून मोलारा ओगुंडिपे या नायजेरियन लेखिकेनं फेमिनिझम हा शब्दच बाजूला ठेवला आणि 'स्टिवा' असा शब्द काढला, म्हणजे अख्खा समाज बदलायचा पण बाईला धरून, तिला वगळून नाही. सेमिनारला एवढं पुरे. पीपीटीत मुसळाचा फोटो टाक.

आमची बारा बायकांची भिशी आहे, दर महिन्याला चिठ्ठी काढतो. तुम्ही लिहिलंय आफ्रिकेतपण भिशी असते. मालक म्हणतात भिशीचा आणि स्त्रीमुक्तीचा काय संबंध, तुम्ही चहा प्यायला जमता. – एक वाचक वहिनी, विटा

वहिनी, मालकांना सांगा की संबंध आहे, आणि चहापण आहे. नायजेरियात योरुबा लोक त्याला एसुसु म्हणतात, घानात सुसु, केनियात चामा, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल, आणि चालतं कसं तर अगदी विट्यासारखं, सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची, दर वेळी एकीनं उचलायची, कागद नाही, तारण नाही, फक्त शब्द. (शब्द मोडणारीपण सगळीकडं असणार, आमच्या गल्लीत एक जण पहिलाच नंबर उचलून माहेरी गेली ती अजून यायचीय.)

आता संबंध. नायजेरियातच अबेओकुटा म्हणून गाव आहे, तिथं फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिका बाईंनी शिकल्यासवरल्या बायकांचा क्लब काढला होता, शिवणकाम, पाककृती, असलं. मग बाजारात बसणाऱ्या एका बाईला वाचायला शिकायचं होतं म्हणून साक्षरतेचे वर्ग निघाले, आणि त्या बाजारातल्या बाया शिकता शिकता बोलायला लागल्या की आमचा तांदूळ पैसे न देता उचलून नेतात, आमच्यावर वेगळा कर आहे. क्लबचा रंगच पालटला. १९४६ ला त्याचं अबेओकुटा विमेन्स युनियन झालं, फुनमिलायोबाईंनी इंग्रजी फ्रॉक टाकून बाजारातल्या बायकांसारखं कापड नेसायला सुरुवात केली, आणि साहेबासमोर मुद्दाम योरुबात बोलायच्या, दुभाषा आणणं ही साहेबाची डोकेदुखी. राजवाड्यासमोर हजारो बायका, राजावर रचलेली शिव्यांची गाणी, आणि १९४९ च्या जानेवारीत तिथल्या राजानं गादी सोडली. बायकांवरचा कर गेला. सुरुवात झाली होती पाककृतीपासून!

आणि लांब कशाला जायचं, तुमच्या शेजारी म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली १९९७ साली. ती उभारणाऱ्या चेतना सिन्हा स्वतः सांगतात ती गोष्ट मला फार आवडते, पहिल्यांदा परवाना नाकारला कारण अर्जावर अंगठे, मग बायका अक्षरं शिकल्या आणि परत जाऊन अधिकाऱ्याला म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं पण मोजता येतं, तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी सांगतो, तुमच्या लोकांना कॅल्क्युलेटर न घेता सांगायला सांगा. मालकांना हा हिशोब एकदा घालून बघा.

पत्र छापायची हिंमत असेल तर छापा. आफ्रिकेत एकेका पुरुषाला तीन-तीन बायका, मुलींची सुंता करतात, आणि त्या बायका आम्हाला काय शिकवणार? आधी स्वतःचं घर झाडा म्हणावं. – एक गृहस्थ, वाळवा तालुका

काका, छापलं. आफ्रिका एक देश नाही, पन्नासच्या वर देश आहेत, हे एक. दुसरं म्हणजे घर झाडायचंच काम त्या करतायत, झाडू कुणाच्या हातात आहे ते तरी बघा. मुलींच्या सुंतेविरुद्ध इजिप्तमध्ये नवल अल सादावी या डॉक्टर बाईंनी लिहिलं, त्यांची स्वतःची लहानपणी झालेली. १९७२ ला लिहिल्यामुळं सरकारी नोकरी गेली, १९८१ ला जेलमध्ये टाकलं, कागद-पेन मिळेना तर भुवया कोरायची पेन्सिल आणि टॉयलेट पेपर घेऊन लिहीत बसल्या. २०२१ ला गेल्या, तोपर्यंत गप्प बसल्या नाहीत. गाम्बियात २०१५ ला या प्रथेवर बंदी आली, २०२४ ला ती उठवायचं विधेयक संसदेत आलं, म्हणे आमची संस्कृती, आमचा धर्म, आणि तिथल्याच बायकांनी ओरडा करून करून शेवटी जुलैमध्ये ते फेटाळलं गेलं. बाहेरनं कुणी गोरी मडम येऊन केलं नाही. उलट बाहेरचे लोक जेव्हा 'बिचाऱ्या आफ्रिकन बायका' म्हणून कॅमेरे घेऊन येतात त्याचा या बायकांना जाम राग येतो, आणि तुमच्या पत्रातपण काका तोच कॅमेरा आहे.

आणि घर झाडायचंच म्हणताय तर आपल्या साताऱ्यात २०११ साली अडीचशेवर मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली, आठवतंय? सगळ्यांचं नाव एकच, नकुशी. सख्ख्या आईबापांनी ठेवलेलं. तेपण संस्कृतीतच बसत होतं.

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणीपासून विरळणी, डिपिंग, बेदाणा शेडवर निवडायला मी असते, पण सौदा सासरे आणि हे करतात, पट्टी किती झाली, म्हणजे मालाचे पैसे किती आले, ते मला यांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला तर कळतं. धाकटी नणंद पण मला हुकूम सोडते. भांडू की जुळवून घेऊ? तुमच्या त्या आफ्रिकन बायका काय म्हणतात? – सही केलेली नाही

बाई गं, या प्रश्नावर त्या बायकांचंही एकमत नाही, आणि मला ते बरंच वाटतं.

आधी नणंदेचं. ओयेरोंके ओयेवुमी म्हणून योरुबा अभ्यासक आहेत, त्यांनी १९९७ ला मांडलं की योरुबात 'तो' आणि 'ती' असे वेगळे शब्दच नाहीत, तिथं मोठं-लहान हे बाई-पुरुषावर नाही तर वयावर, आणि घरात कोण आधी आलं त्यावर ठरायचं. म्हणजे लग्न होऊन आलेली सून ही त्या घरात आधी जन्मलेल्या शेंबड्या पोरीपेक्षापण लहान. वाचताना मला हसू फुटलं, कारण आमच्या आईनं स्वतःपेक्षा आठ वर्षांनी लहान नणंदेला जन्मभर वन्सं म्हटलं. ओयेवुमी म्हणतात इंग्रजांनी येऊन तिथं बाई ही वेगळी जात बनवली. दुसऱ्या अभ्यासक म्हणतात, असेल, पण सुनेचा त्रास काय कमी झाला का? मी या दुसरीच्या बाजूची.

आता भांडायचं की जुळवायचं. ओबिओमा न्नाएमेका नावाच्या इग्बो बाई आहेत, त्यांनी 'नेगो-फेमिनिझम' असा शब्द काढला, घासाघीस म्हणजे निगोशिएशनपण आणि अहंकार सोडणं म्हणजे नो-इगोपण, दोन्ही त्या 'नेगो'त. त्या म्हणतात सरड्यासारखं चालावं, हळू, अंदाज घेत, आजूबाजूला जुळवून, पण कुठं जायचंय ते न विसरता. आपल्याकडं सरडा म्हटलं की निवडणूक आठवते, तिकडं त्याला मान आहे. पुरुष शत्रू नाही, त्याच्याशी बोलत बोलत जागा काढायची, असं त्यांचं. याच्या उलट २००६ ला घानात अक्रा इथं आफ्रिकाभरच्या फेमिनिस्ट बायका जमल्या आणि त्यांनी जाहीरनामा काढला की आम्ही फेमिनिस्ट, पण-बिण काही नाही, जर-तर नाही. त्यांचं म्हणणं, जुळवून घ्यायची गोष्ट नेहमी बाईलाच का सांगता?

माझं मत विचारशील तर घासाघीस चांगलीच, पण बाजारात रिकाम्या हातानं घासाघीस होत नाही, तागडीत टाकायला आपल्याकडं काहीतरी लागतं. तुझ्या तागडीत सध्या नुसते कष्ट आहेत आणि ते कुणी मोजत नाही. एक वही कर, रोज किती तास, कुठलं काम, गडी लावला असता तर मजुरी किती, लिही, भांडायला नाही, नुसतं लिही आणि पट्टी आली की जेवताना समोर ठेव. स्वतःच्या नावाचं खातं, ज्याचा मेसेज तुझ्याच मोबाईलवर येईल. आणि सातबारा. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, मात्र जमीन त्याच्या नावावर पाहिजे, अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर थांबावं लागेल, तलाठ्याकडं चौकशी कर. यांना एकांतात सांग, सासऱ्यांसमोर नको, इथं खरंच सरडा हो.

मारहाण असेल तर मात्र यातलं काही लागू नाही. तिथं घासाघीस नसते. सही नाही म्हणून विचारतेय.

घटस्फोट झालाय, शाळेत शिक्षिका आहे. सासरचे म्हणतात आमचं आडनाव सोडा, माहेरचे म्हणतात आमचं लावा, माझ्या डिग्र्या, सर्व्हिस बुक सगळं सासरच्या नावानं. डोकं फिरलंय. – एक बाई, सातारा

बाई, तुम्हाला केनियाच्या वांगारी माथाई सांगते. त्याच, ज्यांनी १९७७ ला ग्रीन बेल्ट चळवळ काढून खेड्यातल्या बायकांकडनं रोपं लावून घेतली, जगलेल्या रोपामागं थोडे पैसे द्यायच्या, वनखात्याचे साहेब हसायचे, बायकांना काय कळतंय झाडातलं. २००४ ला शांततेचं नोबेल मिळालं ते यासाठी.

त्यांचा नवरा खासदार, आडनाव मथाई. त्यानं कोर्टात घटस्फोट मिळवला १९७९ ला, आणि वांगारीबाई एका मुलाखतीत म्हणाल्या की असा निकाल देणारा न्यायाधीश एकतर नालायक असेल नाहीतर भ्रष्ट, त्यावर सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीन दिवसांनी सोडलं. मग नवरा म्हणतो माझं आडनाव लावायचं नाही. तोवर त्यांची डॉक्टरेट, नोकरी, सगळं त्याच नावावर झालेलं, तुमच्यासारखंच. बाईंनी काय केलं तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवला. आपल्या लिपीत म्हणाल तर एक काना. मथाईचं माथाई. त्याचं आडनाव त्याला ठेवलं, हे माझं.

नाव बदलायचंच ठरलं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, सर्व्हिस बुकचं हेड क्लार्कला आधी विचारून घ्या, आणि घाई करू नका, आडनाव काही रेशनचं रॉकेल नाही की आज नाही घेतलं तर उद्या संपेल. तुमचं आडनाव पत्रात लिहिलेलं नाही, पण त्यात काना कुठं बसतोय का ते एकदा कागदावर लिहून बघा, आणि बसला तर मला कळवा.