दार लावलं तरी ऐकू येतं

प्रश्न : मुलगा नववीत आहे. गणितात ८०च्या खाली कधी आला नव्हता. या सहामाहीत ५२. क्लास लावला, मोबाइल काढून घेतला, फरक शून्य. वर्गात पेंगतो अशीही तक्रार आली. वर्षभर माझं आणि नवऱ्याचं पटत नाही, पण त्याच्यासमोर आम्ही भांडत नाही. तो झोपल्यावर, दार लावून बोलतो. काय करू?
– एक आई

उत्तर : तुम्ही विचारलंत गणिताबद्दल, आणि भांडणाचं जाता जाता सांगितलंत. मी पत्र शेवटाकडून वाचलं. तो झोपलाय हे तुम्ही कशावरून ठरवता? वर्गात पेंगणारं पोर रात्री जागं असण्याचीच शक्यता जास्त. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि दिवसा शिकलेलं पक्कं होतं तेही बरंचसं झोपेतच.

त्याचा पेपर मागून घ्या. मार्क राहू देत, चुका बघा. शाळेत समुपदेशक असताना एका मुलीचा पेपर मी असाच बघितला होता. सूत्र बरोबर, रीत बरोबर. तिसऱ्या पायरीवरचा उणे मात्र चौथ्या पायरीवर अधिक झालेला. तीन गणितांत तेच. ज्याला येत नाही तो सूत्रापाशीच अडतो. हिला येत होतं, धरून ठेवता येत नव्हतं. मधले आकडे लक्षात ठेवायला मनात जागा असते ती मुळात तोकडी, आणि काळजी नेमकी तिथेच ठाण मांडते. ती मला म्हणाली, "बाबांनी चप्पल कशी काढली त्यावरून मला कळतं आज काय होणार." इतकं बारीक लक्ष! फक्त ते फळ्याकडे नव्हतं.

ग्रिच आणि फिंचम या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये मांडलं होतं की आईवडिलांच्या भांडणाचा मूल काय अर्थ लावतं, त्यावर बरंच अवलंबून असतं : मला यातून काय धोका, आणि यात माझी चूक किती? दाराआडून तुमच्या मुलाला फक्त चढलेला आवाज येतो. शब्द तो स्वतःच भरतो. मार्क कळले त्याच आठवड्यात आवाज चढला असेल, तर त्याने काय जोडलं असेल?

म्हणून दोघांनी एकत्र बसून त्याला सांगा की हे आमचं आपसातलं आहे, तुझ्यामुळे नाही. तपशील नकोत. एखादी गोष्ट मिटली तर तेही कळू द्या. तुमच्याकडे बहुधा मिटतंही दाराआडच. 'बाबांना विचार कधी येणार' असले निरोप त्याच्या हाती देऊ नका. वर्गशिक्षकांना दोन ओळींत कल्पना द्या.

घरात हात उगारला जात असेल, किंवा तो जगण्याबद्दलच निराशेनं बोलत असेल, तर माझ्या उत्तरावर थांबू नका. त्याच दिवशी प्रत्यक्ष मदत घ्या.

आणि मोबाइल परत द्या. रात्री खोलीबाहेर ठेवायचा, एवढी अट घाला. पण मित्रांशी बोलायची त्याची वाट तुम्हीच बंद केलीत.